सरकल्या, पण कशामुळे?

सोलापूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सच्छिद्र पडद्याखाली जी-सीएसएफ हा वाढीचा घटक घातल्यावर पडद्यावर ठेवलेल्या, नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी खाली सरकल्या, हे तुझ्या पत्रात वाचलं. बुसोलिनो आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हेच दाखवलं होतं: रक्तपेशी वाढवणारे जी-सीएसएफ आणि जीएम-सीएसएफ अस्तरपेशींनाही सरकवतात, वाढवतात. पण तुझ्या पेशी त्यानेच सरकल्या, हे अजून ठरलेलं नाही.

संशय एंडोटॉक्सिनचा. जी-सीएसएफ बहुधा ई. कोलाय या जिवाणूत तयार करतात, त्यामुळे जिवाणूंच्या आवरणाचा हा अंश मागे राहू शकतो. अस्तरपेशींना तो लागला की त्या स्वतःच जी-सीएसएफ बनवू लागतात! म्हणून केवळ जी-सीएसएफला अडवणाऱ्या अँटीबॉडीने परिणाम थांबला, एवढ्यावर निकाल देऊ नकोस. पेशींनी घरी बनवलेलं जी-सीएसएफही त्याच अँटीबॉडीने अडतं. जी-सीएसएफचं थोडं द्रावण अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून वापरून बघ. प्रथिन बिघडतं, एंडोटॉक्सिन टिकतं. उकळलेल्या द्रावणानेही पेशी सरकल्या, तर कुपी बाजूला ठेव. एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन बी घालूनही एकदा पडताळ.

कुपी उघडण्याआधी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरव, पावडर झाकणाला चिकटलेली असते. १० मायक्रोग्रॅम १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलंस, तर १० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरसाठी दहा हजारपट पातळ करावं लागेल. शंभरपटीचे दोन टप्पे कर. माध्यमात ०.१ टक्का अल्ब्युमिन हे प्रथिन हवंच, नाहीतर घटक प्लास्टिकलाच चिकटून बसतो. मात्र ते अल्ब्युमिन घटकाच्या लाखपट असतं, त्यातलंच एंडोटॉक्सिन खेळ बिघडवू शकतं. कमी एंडोटॉक्सिनचं घे आणि नुसत्या माध्यमाच्या कप्प्यातही तेवढंच घाल.

पेशी दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या असाव्यात. थर सोलापुरी चादरीसारखा घट्ट विणला जाण्याआधी, सुमारे ८० टक्के भरल्यावर उचल. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलंस तर पृष्ठभागावरचे, घटक पकडणारे रिसेप्टर छाटले जातात.

आणखी एक कप्पा राहिलाय: जी-सीएसएफ पडद्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सारखं. तिथेही तितक्याच पेशी खाली उतरल्या, तर त्या घटकाच्या दिशेने गेलेल्या नाहीत, नुसत्या चुळबुळल्या आहेत. मोजण्याआधी पडद्याची वरची बाजू कापसाने नीट पूस. नाहीतर न सरकलेल्या पेशीही आकड्यात शिरतात, आणि तो आकडा फार देखणा दिसतो.

शेंगाचटणी पाठवली आहे. डबा प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस.

तुझी आई