‘अप्पर वरळी’ नावाचा विभाग कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरखरेदीच्या पुरवण्यांत लोअर परळमधल्या टॉवरांच्या जाहिराती अनेकदा ‘अप्पर वरळी’ या पत्त्याने छापून येतात. खातरजमा करायला दोन मिनिटे पुरतात. ऑगस्ट 2023 पासून प्रत्येक जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर स्कॅन करावा, प्रकल्पाचे पान उघडावे आणि पत्ता व पिनकोड पाहावा. 400013 असेल तर ते लोअर परळ-डिलाईल रोड. वरळीचा पिन 400018. मिळकत पत्रिका जोडलेली असेल तर तिच्यावरचा विभागही वाचावा. कागदोपत्री जागा परळचीच राहते, नाव फक्त गिऱ्हाइकासाठी बदलते.

हा नुसता नावाचा प्रश्न नाही. एखाद्या भागाकडे कोणाची वस्ती म्हणून पाहायचे, यावर तिथली जमीन कोणाच्या वाट्याला जाते हे ठरते. लालबाग, परळ, शिवडी, करी रोड, चिंचपोकळी हे गिरणगाव. 18 जानेवारी 1982 रोजी इथल्या कापड गिरण्यांतला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 मध्ये त्याचे न्याय्य उत्तर होते. 5 ते 10 हेक्टरच्या गिरणीची जमीन विकसित करायची तर 33 टक्के महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, 34 टक्के म्हाडाला घरांसाठी आणि 33 टक्के मालकाला.

2001 च्या दुरुस्तीने या उत्तरातला एकच शब्द फिरवला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच ‘मोकळ्या’ जमिनीची झाली. हिशेब करून पाहा. 6 हेक्टरची गिरणी धरली तर जुन्या नियमाने शहराला उद्यान-मैदानासाठी जवळजवळ 2 हेक्टर मिळाले असते. पण गिरणी म्हणजे जमीनभर पसरलेली बैठी शेड. त्यातल्या 5 हेक्टरांवर शेड, गोदामे आणि चिमणी असेल तर वाटणीला उरतो 1 हेक्टर, आणि शहराच्या हाती येतात जेमतेम 33 गुंठे. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि विषय संपला.

त्याची किंमत रोज रेल्वेच्या पुलावर मोजली जाते. गिरणी कामगार चाळीतून भोंग्यावर निघायचा आणि चालत पाळीला पोहोचायचा. इथले रस्ते आणि स्थानके त्या वर्दळीच्या मापाची. त्याच जमिनीवर ऑफिसे आली आणि विरार, कल्याणहून माणसे लोकलने उतरू लागली, तेव्हा जिने आणि पादचारी पूल तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 माणसे चेंगरून मेली. मोकळ्या जागांचा वाटा पूर्ण मिळाला असता तर स्थानकांभोवती माणसांना उभे राहायला तरी जागा निघाली असती, असे माझे ठाम मत आहे.

घरांचेही तेच. म्हाडाच्या हाती कमी जमीन आली, म्हणून गिरणी कामगारांसाठी 225 चौरस फुटांच्या घरांच्या सोडती निघाल्या आणि बहुसंख्य अर्जदार बाहेर राहिले. आता त्यांना शेलू आणि वांगणीत घरे दाखवली जातात. बदलापूरच्याही पुढची ही स्थानके. ज्याने परळमध्ये हयात घालवली त्याला कर्जत लाइनवर पाठवायचे आणि त्याच्या परळला वरळी म्हणून विकायचे, हे एकाच धोरणाचे दोन भाग आहेत. दुसरी वाट नाही असेही नाही. वरळीच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर त्याच आवारात मिळते आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.

वृत्तपत्राला यात एक गोष्ट नक्की करता येईल. जाहिरातीत प्रकल्पाचे नाव काहीही असो, त्याखाली महारेरात नोंदलेला विभाग आणि पिनकोड तितक्याच ठळक अक्षरांत असल्याशिवाय ती स्वीकारू नये. आणि बातमीत तरी लोअर परळला लोअर परळच लिहावे.

आपला,
एक वाचक, मुंबई