चेटकिणीच्या गोष्टी आणि आमच्या गल्लीतली भानामती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चेटकिणींच्या हलक्याफुलक्या रहस्यकथांवरचा लेख वाचला. कालचा पूर्ण दिवस तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहिते आहे. असली पुस्तकं वाचून शिकल्यासवरलेल्या बायका पुन्हा गंडेदोऱ्यांकडे वळतील, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. ज्या महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या महाराष्ट्रात हे वाचन शोभत नाही, असंही त्यांनी वर सुनावलं आहे. दाभोलकरांचं नाव नसतं तर मी गप्प बसले असते. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले. ही पुस्तकं मी आवडीनं वाचते, भाचीलाही देते, आणि त्यात शरम वाटावी असं मला काही दिसत नाही.

लेखकानं यातलं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आहे का, हा माझा साधा प्रश्न आहे. लहानसं गाव असतं. नायिकेचं बेकरीचं, जडीबुटीचं नाहीतर जुन्या पुस्तकांचं दुकान असतं. घर आणि विद्या दोन्ही तिला आत्याकडून किंवा आजीकडून मिळालेली. एक आगाऊ मांजर असतं. गावात कुणीतरी मरतं आणि बोट उठतं ते आधी तिच्याकडेच, कारण ‘ती तसलीच’. मग ती बाई शोधाला लागते. तिच्या मंत्रानं फार तर किटलीतला चहा गरम राहतो, मांजर बोलायला लागतं. मंत्रानं खुनी सापडत नाही. तो सापडतो दुकानाच्या खातेवहीतून, कुणाच्या थापेतून, ज्या खिडकीला कडी होती असं सगळे सांगतात तिला कडीच नव्हती यातून. आणि सापडतो तेव्हा तो चारचौघांसारखा माणूस निघतो. कुणाला जमीन हवी असते, कुणाला विम्याचे पैसे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला दुसराच नियम असा की उलगड्यात दैवी किंवा अमानवी शक्ती चालणार नाही. या नव्या लेखिका जादूला घरात घेतात, पण निकालाच्या वेळी तिला दाराबाहेर ठेवतात. मला तरी हे अंधश्रद्धेच्या अगदी उलट वाटतं.

‘अलबत्या गलबत्या’तल्या दिलीप प्रभावळकरांच्या चेटकिणीला पाहून खिदळलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली असतील. त्यातलं कुणी ते नाटक पाहून देवऋषी झालं नाही.

भानामती म्हणजे काय, ते मी मात्र डोळ्यांनी पाहिलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव बालाघाटच्या पायथ्याला. शेजारच्या घरात नवी सून आलेली, सोळाच्या आतबाहेरची. एके दिवशी तिच्या हातावर काळ्या फुल्या उठल्या. नुसत्या काळ्या नव्हेत, उतलेल्या. कडेनं पाणी धरलेलं. आठवड्यात मांड्यांवर, पोटावर. गावभर झालं की भानामती आहे. बाहेरगावचा देवऋषी आणला. लिंबं कापली, कोंबडं गेलं, बोकड गेला, आणि तिसऱ्या बैठकीला त्यानं गल्लीच्या टोकाच्या घराकडे हात केला. तिथं एक विधवा बाई एकटी राहायची. दोन एकर जिरायत तिच्या नावावर होतं, तेवढ्यावर तिचं चालायचं. दुसऱ्या दिवसापासून तिला आडावर येऊ देईनात. आम्हा लेकरांना तिच्या दारावरून जायची बंदी झाली. रात्री तिच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. ते कुठली भानामती टाकत नव्हती, गावातली पोरं टाकत होती, आणि कोण टाकतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचमीच्या आधी तालुक्याहून कासारीण आली, दर वर्षी यायची तशी. त्या सुनेला बांगड्या भरल्या. कासारणीच्या हातात हात दिला की काही झाकून राहत नाही. ती चारही बोटं मिटवते, अंगठा दाबते, कातडं पिळून बांगडी वर चढवते. त्या घरी ती काही बोलली नाही. आमच्या ओसरीवर येऊन बसली, चहा प्याली, आणि थोरल्या काकूला म्हणाली, “बाई, पोरीच्या उजव्या हाताची नखं बघितली का तुम्ही? कडंनं काळी हायती. कातडं निघालंय बोटाचं. माझी बहीण गोडंबी फोडती, तिचे हात असेच असत्यात.”

गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की डाग पडतो, फोड येतो, हे आमच्याकडं पोरासोरांना कळतं. पण घरात देवऋषी बसला म्हणजे कळणारं माणूससुद्धा विसरतं.

काकू गप्प बसली. कासारीण पुढं म्हणाली, “डाव्या हातावर फुल्या, मांडीवर फुल्या, पोटावर फुल्या. पाठीवर एक बी न्हाई, उजव्या हातावर बी न्हाई. भानामतीला पोरीची पाठ दिसत न्हाई व्हय?” मी तिथंच खांबाला टेकून उभी होते. पुढं आयुष्यभर मुलांना निरीक्षण, नोंद, अनुमान असं फळ्यावर लिहून दिलं, पण ते पहिल्यांदा ऐकलं या बाईच्या तोंडून, जिला सही येत नव्हती.

तिचा दुसरा प्रश्न मला कळायला फार वर्षं गेली. “देवऋष्याला पैसं कुणी दिलं?”

सुनेच्या सासऱ्यानं दिले नव्हते. त्याच्याकडं बोकडापुरतेही नव्हते. पैसे दिले होते त्या विधवेच्या दिरानं. दोन एकर कुणाला हवे होते ते काही वेगळं सांगायला नको.

काकूनं आरडाओरडा केला नाही. सुनेला जवळ घेऊन बसली. पोरीनं कणगीमागून चिंधीत गुंडाळलेले ठेचलेले बिब्बे आणि बाभळीचा काटा काढून दिला. लग्न झाल्यापासून तिला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. आई आजारी असल्याचा निरोप आला होता, तो सासूनं तिच्यापर्यंत पोचू दिला नव्हता. तो तिला आडावर कळला. काकूनं तिच्या सासूला सांगितलं, पोरीला पंचमीला माहेरी धाडा, फुल्या जातील. धाडलं, आणि गेल्या. सासूला खरं कारण काकूनं कधीच कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर त्या पोरीचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. विधवेला मात्र काकू दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः आडावर घेऊन गेली आणि सगळ्यांच्या देखत तिची घागर आधी भरू दिली. तिची माफी कुणी मागितली नाही. देवऋषी बोकडाचं कातडंसुद्धा घेऊन गेला होता.

आता सांगा, आळ आलेली एकटी बाई, तिच्या जमिनीवर डोळा ठेवून असलेला नातेवाईक, दारोदार फिरून बांगड्या विकणारी आणि सगळ्यांच्या घरातलं माहीत असलेली एक बाई, जिच्याकडं कुणी शोध घेणारी म्हणून बघत नाही. तुमच्या लेखकानं ज्यांना ‘रिकामटेकड्या गृहिणींचं चघळण’ म्हटलं आहे, त्या पुस्तकांत हेच असतं. बेकरीवाली काय आणि कासारीण काय. म्हणून मला ती आवडतात. त्यात ‘चेटकीण’ म्हणून हिणवलेली बाई शेवटच्या पानावर आपल्या घरात, आपल्या जागेवर सुखरूप असते. माझ्या गावात ते तितकं नीट झालं नाही. त्या बाईनं पुढं जमीन दिराला कसायला देऊन भावाचं गाव जवळ केलं.

हलकं पुस्तक म्हणजे निरुपयोगी पुस्तक, हा समजही एकदा सोडून द्यावा. अगाथा ख्रिस्तींच्या १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ कादंबरीत तीन बायका घरबसल्या चेटूक करून माणसं मारतात असा बोलबाला असतो. प्रत्यक्षात ते थॅलियमचं विष असतं. (कोण देतं ते मी सांगणार नाही.) १९७७ मध्ये कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एक तान्ही मुलगी आणली होती, आजार काय ते डॉक्टरांना उमगत नव्हतं. तिथली एक परिचारिका नेमकी हीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिनं थॅलियमची शंका बोलून दाखवली. ती खरी निघाली आणि मूल वाचलं. ड्युटीवर गोष्टीचं पुस्तक वाचणाऱ्या त्या परिचारिकेला आपल्या लेखकानं काय म्हटलं असतं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

आता एक गोष्ट थेट आपल्यासाठी. हा लेख ज्या पानावर छापला त्याच पानाच्या तळाला एक चौकट आहे: वशीकरण, करणी, गृहक्लेश, फोनवर खात्रीशीर उपाय, खाली मोबाईल क्रमांक. दाभोलकरांच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आपल्या राज्यात झाला, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि असल्या प्रकारांचा प्रचार करणाराही त्यातून सुटत नाही. वर दाभोलकरांचं नाव, खाली हा क्रमांक. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना शहाणपण शिकवायच्या आधी ती चौकट पानावर कशी आली याचा खुलासा करावा, ही विनंती आहे. लातूर, नांदेड, परभणीच्या खेड्यांत आजही कुणाच्या घरात कपडे पेटले, अन्नात खडे निघाले की गल्लीतली कुठली तरी एकटी बाई शोधली जाते. तिथले लोक चेटकिणीच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाहीत. ते तुमचं वर्तमानपत्र वाचतात आणि चौकटीतला क्रमांक फिरवतात.

आणखी एक. ज्या पुस्तकावर लेखकानं सर्वात जास्त टीका केली, त्यातला खुनी कोण हे शेवटच्या परिच्छेदात नावासकट लिहून टाकलं आहे. माझी भाची ते पुस्तक अर्धं वाचून बसली होती. न आवडलेल्या पुस्तकावर कितीही लिहा, तो आपला अधिकार आहे. पण ज्यांना ते वाचायचं आहे त्यांचा आनंद हिरावून घ्यायचा अधिकार कुणी दिला? पुढच्या वेळी निदान ते एक वाक्य तरी संपादनात गाळावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड