बीटाची बरणी

रॉचडेल
रविवार, रात्री उशिरा

बाळ्या,

दीड वर्ष झालं, पत्र नाही, फोन नाही. दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो बघून नुसता अंगठा टाकला मी. शिव्या नंतर घाल, आधी वाच. माझी शुगर ताब्यात आहे, हिची पाठ आहे तशीच.

पोराला फुटबॉल अकॅडमीनं सोडलं.

इथं कुणाला सांगितलं तर म्हणतात, बरं झालं, आता अभ्यास करेल. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे शाळेतनं काढलं का रं?" सात वर्षं, आठवड्याला तीन संध्याकाळी, पावसात गाडीत बसून थंडगार पोळीभाजी खाल्ली मी. आणि निकाल दहा मिनिटांत. सोळाव्या वर्षी ठरवतात, पुढची दोन वर्षं कुणाला ठेवायचं. माणूस भला होता, चहा विचारला. म्हणाला, गोल मारायची नजर आहे, पण पाय जड आहेत. पाय जड! कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीतनं तुला काय ओरडायचे ते आठवलं आणि त्या ऑफिसात मला हसू फुटलं. ही अजून बोलत नाहीये त्यावरनं.

घरी आल्यावर क्लबचे कपडे परत द्यायचे होते. पोरानं स्वतः धुतले, वाळवले, इस्त्री केली. मोज्यांनासुद्धा. बाळ्या, मोज्यांना इस्त्री रं. पिशवीत घडी घालून ठेवले आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

आता खरी भानगड ऐक. धीर द्यायला म्हणून मी त्याला इंग्लंडच्या रिकी लॅम्बर्ट या फुटबॉलपटूची गोष्ट सांगितली. मला तो तोंडपाठ आहे, तुला ठाऊकच आहे. आपल्याच सालचा, 1982 चा. लिव्हरपूलशेजारच्या कर्कबीचा पोरगा. लिव्हरपूलनं पंधराव्या वर्षी सोडला, 2000 साली ब्लॅकपूलनंही नारळ दिला. मग सराव मॅकल्सफील्डकडं आणि पोटाला बीटाचा कारखाना. व्हिनेगरमधल्या बीटाच्या बरण्यांची झाकणं फिरवायची, दिवसाला 20 पौंड. पुढं स्टॉकपोर्टनं 3 लाख पौंड मोजून घेतला, तिथं पार फसला. तिथनं आमच्या रॉचडेलात, चौथ्या डिव्हिजनला. 2005-06 च्या लीगमध्ये 22 गोल. शेजारचे आजोबा अजून त्या मोसमाबद्दल बोलतात, आपले नाना दिलबहार संघाच्या त्या फायनलबद्दल, तसं. मग ब्रिस्टल रोव्हर्स, मग 2009 मध्ये साउदॅम्प्टन, तेही तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनला. गेल्या गेल्या मॅनेजर पार्ड्यू म्हणाला, आधी पोट कमी कर. (तुझं कसं काय? फोटोत दिसलं.) त्या क्लबसाठी 34 पेनल्टी मारल्या, 34 ही आत. क्लबाबरोबर दोन पायऱ्या चढून तिसाव्या वर्षी प्रीमियर लीग, पहिलीच मॅच मँचेस्टर सिटीशी, त्यात गोल. आणि 14 ऑगस्ट 2013, वेम्बली, समोर स्कॉटलंड. रूनीच्या जागी आत आला, बेन्सचा कॉर्नर, इंग्लंडसाठी पहिलाच स्पर्श, डोक्यानं, गोल! 3-2. वय 31.

हे मी गाडीत हातवारे करून सांगितलं. वर शहाणपणा म्हणून सुपरमार्केटमधनं बीटाची बरणी घेतली आणि जेवताना त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं बरणी फिरवून लेबल वाचलं. मग म्हणाला, "बाबा, त्या कारखान्यात त्याच्या शेजारी उभं राहून झाकणं कोण फिरवत होतं?"

मला काय ठाऊक?

"तेच. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही."

गप्प बसलो. तोवर त्यानंच पुढं सांगितलं की गावातल्या एका छोट्या क्लबनं बोलावलंय. मंगळवार-गुरुवार सराव, शनिवारी मॅच, पैसे म्हणाल तर फार तर पेट्रोलचे. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "आधी परीक्षा होऊ दे." बाळ्या, शब्द न् शब्द तोच. तुझ्या ओसरीवर, मुंबईचं बोलावणं आलं तेव्हाचा. साल कुठलं? 2000, हिवाळा. तिकडं लॅम्बर्ट झाकणं फिरवत होता आणि इकडं मी तुला डिप्लोमा समजावत होतो.

तू म्हणशील, तुझ्यामुळं नाही, गुडघ्यामुळं. दोन वर्षं बोलला नाहीस ते काय गुडघ्यानं सांगितलं म्हणून? आणि नंतर मिसळीचं बिल माझ्या माथी मारून "मिटलं" म्हणालास. तुझं मिटलं असेल. माझ्याकडं अजून तो मुंबईच्या बोलावण्याचा कागद आहे. तू फाडायला दिलेला, मी फाडला नाही. हिलाही माहीत नाही. गेला असतास तर काय झालं असतं, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. कदाचित महिन्यात परत आला असतास. कदाचित मी तुला टीव्हीवर बघितलं असतं. लॅम्बर्टची गोष्ट मी सगळ्यांना का सांगत फिरतो, हे त्या बरणीसमोर बसल्यावर कळलं.

आणि पोराचंही खोटं नाही. पाय जडच आहेत त्याचे. तुझ्याइतके नाहीत, पण आहेत.

दुकान चालतंय ना? वहिनींचं ऑपरेशन झालं म्हणे, नीट आहेत ना? धाकटीच्या दहावीचे पेढे अजून बाकी आहेत. पाटाकडील संघाच्या मॅचला गेलास तर व्हिडिओ पाठव, गोंगाटासकट.

काम एवढंच. मंगळवारी सात वाजता त्याचा तिथं पहिला सराव आहे. जायचं की नाही, त्याचं ठरत नाहीये, आणि माझ्या तोंडाचा भरवसा नाही. तू फोन कर त्याला. उपदेश करू नकोस, तुला येतही नाही. मुंबईचं सांग, गेला नाहीस ते. मी मना केलेलं तेही सांग, झाकू नकोस. नंतर तुझ्या दुकानात बसून तुला काय वाटतं रोज, ते खरं असेल ते सांग, मग ते माझ्या बाजूचं निघो की त्याच्या.

इथले चार म्हणजे तुमच्याकडं साडेनऊ. शाळेतनं आलेला असतो. मी शिफ्टवर असेन, म्हणजे ऐकायला नसेन.

तुझा,
गोलकीपर