साध्या पावतीवर लाखो रुपये

संपादक महोदय,

तळेगाव-चाकण परिसरात घर घेणारी कुटुंबे ‘हा दर आजच्यापुरताच’ या आग्रहाला भुलून 40 लाखांच्या सदनिकेपोटी आठ-दहा लाख रुपये साध्या पावतीवर भरतात. वास्तविक 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याच्या कलम 13 नुसार विक्रीकरार नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारताच येत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका पावतीवर तर चटई क्षेत्र (घरातील प्रत्यक्ष वापराचे क्षेत्रफळ) आणि ताब्याची तारीख, दोन्ही रकाने कोरे होते, आणि पैसे मात्र निवृत्तीच्या पुंजीतले होते! 10 टक्क्यांची ही तरतूद प्रत्येक विक्री कार्यालयात मराठीतून ठळकपणे लावण्याची सक्ती महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, करावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, तळेगाव दाभाडे