बंदूक परत द्या, पण घरी येऊन चौकशी करून

प्रति,
मा. अ‍ॅटर्नी जनरल, अमेरिका

स. न. वि. वि.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्वेनियात रायफलने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. त्या पहाटे माझा शेजारी चारला उठतो, मुलासाठी अंडी तळतो, थर्मासमध्ये कॉफी भरतो, त्याच्या केशरी जॅकेटची चेन स्वतः ओढून बघतो. गाडी वळली की दिवा मालवून पुन्हा आडवा होतो. त्याला जाता येत नाही. बाविसाव्या वर्षी खोटी सही करून त्याने चेक वटवला होता. आता साठी आलीय. मत देतो, कर भरतो, आमच्या घराची किल्ली त्याच्याकडेच असते. गंमत म्हणजे ऑक्टोबरमध्ये तो धनुष्य घेऊन जातो. बाणाला कायद्याची हरकत नाही.

1968 चा केंद्रीय कायदा शिक्षा किती झाली हे बघत नाही, किती होऊ शकली असती ते बघतो. सर्वसाधारणपणे एक वर्षाहून जास्त कैदेचा गुन्हा असला की बंदूक जन्मभर बंद. आमच्याच राज्यातल्या एकाने 1995 मध्ये फूड स्टॅम्पसाठी उत्पन्न लपवल्याची कबुली दिली. (फूड स्टॅम्प म्हणजे गरिबांना मिळणारी सरकारी अन्नमदत.) रक्कम 2,458 डॉलर. तुरुंगात गेला नाही, पैसेही फेडले. तरी बंदी उठवून घ्यायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली.

तसा बंदी उठवण्यासाठी अर्ज करायचा रस्ता कायद्यातच आहे. पण सूट मिळालेल्यांपैकी काहींनी पुन्हा गुन्हे केल्यावर 1992 पासून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एटीएफला (बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेला) असे अर्ज तपासायला पैसाच द्यायचा नाही असं ठरवलं. तेही व्यक्तींच्या अर्जांना. कंपन्यांचे अर्ज चालतात!

मार्च 2025 मध्ये तुमच्या न्याय खात्याने हा अधिकार एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतला, तेव्हा बरं वाटलं. एप्रिलमध्ये दहा जणांना सूट मिळाली, त्यात हॉलिवूडचे नट मेल गिब्सन. त्यांच्यावरचा 2011 चा गुन्हा घरातल्या मारहाणीचा. त्यांची शिफारस करायला नकार दिल्यावर आपली नोकरी गेली, असं माफी विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनी सांगितलं. खात्याने संबंध नाकारला. खरं काय ते तुम्हाला ठाऊक. इथे मात्र लोक ‘वशिला’ एवढंच म्हणतात, आणि माझा शेजारी अर्ज करायला कचरतो.

मला स्वतःला बंदुकीची हौस नाही. पण माझ्या सिंधुदुर्गातल्या आजोबांकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाची बंदूक होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा. परवान्याआधी हवालदार वाडीत येऊन चार घरी विचारून गेला होता. भारतात बंदूक हा हक्क नाही, हे खरं. तरीही हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यालाही शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी अर्जाची वाट मोकळी होते. ‘जन्मभर’ नाही.

तसाच माणूस इथेही पाठवा. त्याने फक्त कॉम्प्युटरवरची नोंद बघू नये. बायकोशी एकटीशी बोलावं, मालकाला विचारावं, दारूचं विचारावं. घरात हात उगारलेल्याची फाईल वेगळ्या, कडक टेबलावर जावी, मग तो नट असो की प्लंबर. होकार असो वा नकार, कारण लेखी द्यावं.

आमच्या गल्लीत आलात तर घर शोधायला लागणार नाही. गॅरेजच्या भिंतीला धनुष्य टांगलेलं दिसेल. शेजारची बेल माझी.

आपला,
पेनसिल्वेनियातला एक मराठी मतदार