नानांच्या रेघा आणि छोटूची बुलेट

मिलवॉकी,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णा आणि ती. आई यांना शि. सा. नमस्कार,

आधी आईसाठी लिहिते. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते, भाजणी अजून शिल्लक आहे. बर्फात गाडी चालवू नकोस असं तू प्रत्येक फोनला सांगतेस, पण इथे बसची वाट बघत उभं राहण्यापेक्षा गाडीत बसणंच जास्त सुरक्षित आहे. थंडीचे वेगळे टायर बसवून घेतलेत आणि मोठ्या रस्त्यांवरचा बर्फ पहाटेच काढतात. टीव्हीवरच्या व्हिसाच्या बातम्या झोपायच्या आधी बघत जाऊ नका. कागदपत्रं कंपनीच्या वकिलाकडे आहेत, सगळं मार्गी लागेल.

भाद्रपदात नाना गेले तेव्हा निघता आलं नाही ते याच कागदांपायी. एकदा बाहेर पडले असते तर परत यायच्या शिक्क्यासाठी किती महिने अडकले असते ते कोणीच सांगू शकत नव्हतं. अण्णा, हे काकूंना पुन्हा एकदा नीट समजावून सांगाल का? त्या काही बोलल्या नाहीत, मला माहीत आहे. तरीही सांगा.

आता इथली एक गोष्ट सांगते, अण्णांना नक्की नवल वाटेल. इथे लोक हिवाळ्यात मोटारसायकल झोपवतात. खरंच, तसंच म्हणतात. नोव्हेंबर आला की गाडी धुऊन पुसून गॅरेजात लावायची ती थेट एप्रिलला काढायची. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर पोत्यांनी मीठ टाकतात आणि ते मीठ क्रोम, साखळी, नटबोल्ट सगळं खातं. पण नुसती आत लावून भागत नाही. टाकी पेट्रोलने काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहिली तर आतून गंज धरतो. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून खराब होऊ नये म्हणून त्यात एक औषध घालायचं आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचावं म्हणून गाडी थोडा वेळ चालू ठेवायची. ऑइल बदलायचं. बॅटरी काढून घरात न्यायची, नाहीतर बारीक चार्जरवर लावून ठेवायची. चाकं जमिनीवरून उचलायची. सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा, कारण उंदीर आत घर करतात. मग वरून चादर. काहीजण विमासुद्धा तेवढ्या महिन्यांपुरता कमी करून घेतात! माझा शेजारी दर रविवारी चादर उचलून गाडीकडे बघतो आणि परत झाकतो. बाराही महिने बुलेटवर दूध घालणारे गवळी आपण बघितलेले, त्यामुळे पहिल्या वर्षी मला हे काहीच समजेना.

पण त्यामुळे इथल्या रंगाऱ्यांचा सीझन नेमका हिवाळ्यात असतो. गाडी उभीच आहे, तर टाकी उतरवून रंगाला द्यायची. हे कळलं तेव्हा मला नानांच्या रंगकामाचा पावसाळा आठवला. त्यांचं उलटं होतं. हवेत दमटपणा असला की एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरतो, म्हणून आषाढ-श्रावणात ते स्प्रेगनला हात लावत नसत, नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या करत. दसऱ्याच्या आधी मात्र नाशिकला द्वारकेच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. आणि वर्षभर कोपरापर्यंत रंगात असलेला हा माणूस रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारायला सगळ्यांच्या आधी हजर!

इथे हार्ले-डेव्हिडसनचं मोठं संग्रहालय आहे, २००८ साली उघडलेलं. १९०३ मध्ये कंपनी याच गावात सुरू झाली. गेल्या शनिवारी गेले होते (एकटी नाही, ऑफिसातल्या मैत्रिणी बरोबर होत्या). तिथे एका भिंतीवर नुसत्या पेट्रोलच्या टाक्या लावल्यात, शंभर. दिवे सोडलेले, लोक मान वर करून बघतात. मी त्या भिंतीसमोर फार वेळ उभी होते. सगळ्या सुंदर आहेत. पण मी त्यांच्यात नानांच्या तोडीची टाकी शोधत होते, आणि आपल्या अंगणातल्या बुलेटशेजारी निःशंकपणे ठेवावी अशी फार थोडी सापडली. हे मी प्रेमापोटी लिहीत नाही.

छोटूला पुढचं वाचून दाखवा. त्याच्यासाठीच लिहिते आहे.

छोटू, तू बुलेटच्या मॅट काळ्या रंगाचा फोटो पाठवलास आणि अंबडच्या माणसाने दरही काढून दिला म्हणालास. वरातीला गाडी नवी दिसावी असं तुला वाटणं साहजिक आहे. पण ती टाकी रंगवली तेव्हा तू लहान होतास, मी सातवीत होते आणि गाळ्यात मास्किंग टेप धरायला बसले होते. नानांनी पत्रा उघडा पडेपर्यंत टाकी घासली. प्रायमर, लांबी (पुट्टी), चारशेचा वॉटर पेपर, मग आठशेचा. नंतर चांदी मारली. मला वाटलं, गाडी चंदेरी होणार. ती वाळल्यावर त्यांनी लॅकरमध्ये लाल रंग इतका पातळ मिसळला की बरणीतून पलीकडचं दिसत होतं, आणि एकेक हात मारायला घेतला. पहिल्या हाताला टाकी गुलाबी झाली, मग लालसर, आणि शेवटी ते गडद डाळिंबी. ऊन त्या लालातून आत जातं, खालच्या चांदीवर आपटतं आणि परत बाहेर येतं, म्हणून ती दुपारी आतून पेटल्यासारखी दिसते. एखादा हात कमीजास्त पडला की पट्टा उमटतो आणि तो झाकता येत नाही, परत चांदीपासून सुरुवात करावी लागते. ‘नुसता टच-अप करून देतो’ म्हणणाऱ्यालाही हात लावू देऊ नकोस ते यासाठीच. वरून लावलेला रंग तिथे जुळतच नाही.

आणि रेघ. ती सोनेरी रेघ टेपने मारलेली नाही. खारीच्या केसांचा लांब ब्रश, करंगळी टाकीच्या कडेवर टेकवलेली, आणि नाना श्वास रोखून एकेक पाऊल मागे सरकत होते. रेघेचा जोड कुठे आहे सांग बघू? सीट काढलीस तर दिसेल. रेघ सीटखालून सुरू होते आणि सीटखालीच मिळते. बाहेर कुठेही ब्रश उचलल्याची खूण नाही. कोणाची टाकी नानांची हे मला अजून त्यावरूनच ओळखता येतं.

तुझ्या त्या टोपीवर व्हॉन डच लिहिलंय ना, ते एका रेघा मारणाऱ्या माणसाचं नाव आहे. खरं नाव केनेथ हॉवर्ड, कॅलिफोर्नियाचा. १९५० च्या दशकात त्याने गाड्यांवर हाताने रेघा मारायची कला तिकडे पुन्हा चालू केली. १९९२ मध्ये तो गेला, आणि नाशिकमध्ये त्याच्या नावाची टोपी मिळते. नानांनी स्वतःचं नाव कुठेही लिहिलं नाही. त्यांचं जे काही आहे ते या टाक्यांवरच आहे.

अण्णा, दिंडोरीच्या त्या द्राक्षबागायतदारांची बुलेट अजून आहे का, चौकशी कराल? त्यांना टाकीवर वणीची देवी हवी होती. नाना म्हणाले, टाकीवर देव काढणार नाही, गुडघा लागतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणाले. मग टाकीवर गडाची सात शिखरं काढली आणि देवी हेडलाइटच्या वर. तळहाताएवढ्या जागेत अठराही हात, प्रत्येक हातात आयुध. ते काका शेजारी उभे राहून मोजत होते आणि नाना त्यांना परत परत मोजायला लावत होते. मिळाला तर त्या गाडीचा फोटो उन्हात काढून पाठवा, फ्लॅश नको.

आणखी दोन कामं आहेत. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता नवी सरकारी नंबरप्लेट बसवावी लागते, तेव्हा आपल्या बुलेटची आणि काकूंच्या स्कूटीची जुनी प्लेट काढून घ्या, भंगारात देऊ नका. आकडे नानांच्या हातचे आहेत. दुसरं म्हणजे गाळा रिकामा करताना कंप्रेसरमागची प्लायवूडची फळी. ब्रश भरला की नाना आधी त्यावर एक रेघ ओढून बघायचे. इतक्या वर्षांच्या रेघा एकावर एक आहेत तिथे. मालक चुना मारणार असतील तर त्याआधी ती उतरवून घरी आणा. काकूंना अडचण होत असेल तर आपल्या माळ्यावर ठेवा.

काकूंच्या खात्यावर चाळीस हजार पाठवलेत. त्यात मार्चपर्यंतचं गाळ्याचं भाडं आणि त्यांची औषधं बसतील. त्या नको म्हणतील. माझी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी नानांनी भरली होती, एवढंच त्यांना सांगा. तुमच्या खात्यावर नेहमीपेक्षा थोडे जास्त टाकलेत, कार्यालयाच्या बयाण्यासाठी. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यातूनच काढा, लग्न होईपर्यंत थांबू नका.

छोटूच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. लग्नाला, मेमध्ये, यायचा पूर्ण प्रयत्न आहे. रजेचा अर्ज दिला आहे, तिकिटाचं कागदांवर अवलंबून आहे. पाहुण्यांना ‘येणार आहे’ असंच सांगा. नव्या वहिनीसाठी काय आणू ते तिलाच विचारून कळवा.

निफाडच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला वाटतो, नाही म्हणत नाही. पण आई, लोक काय म्हणतात हे दर वेळी सांगू नकोस ना, मला त्याचा त्रास होतो. मी टाळत नाहीये. त्याचा नंबर पाठवा, रविवारी आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, तेव्हा बोलेन. पत्रिकेचं त्यानंतर बघू. मी इथे अजून किती वर्षं आहे हे तो पहिल्याच बोलण्यात विचारेल, आणि त्याला काय सांगायचं ते मला आधी तुमच्याशी बोलायचं आहे. शनिवारी रात्री दोघंही फोनवर या.

काकूंना आणि आत्याला नमस्कार.

तुमची लेक

ता. क. छोटू, बुलेटला दोन हजारचा वॉटर पेपरसुद्धा लावायचा नाही. नुसतं मऊ कापड आणि मेण, तेही सावलीत. अंबडच्या माणसाला बयाणा दिला असशील तर तो मी भरते.