मेडन बोटीवरच्या त्या मुलीला, मनापासून थँक्यू

अगं पोरी, तुझं नाव विचारायचंच राहिलं बघ. २०२३ च्या सप्टेंबरात साउदॅम्प्टनला ओशन ग्लोब रेसच्या, म्हणजे शिडाच्या बोटींनी जगाला चक्कर मारायच्या शर्यतीच्या आधी बोटी लागल्या होत्या, तेव्हा एक मराठी बाई आणि तिच्या मागे लपणारी अकरा वर्षांची मुलगी आली होती ना, त्या आम्ही.

ती का लपत होती सांगते. आदल्या उन्हाळ्यात तिला एका सेलिंग क्लबात घातलं होतं. वारा वाढला की तिथला कोच तिच्या हातातलं सुकाणू काढून घ्यायचा आणि शेजारच्या मुलाकडे द्यायचा, ओरडून नाही, हसत हसत. महिन्याभरात पोरीने बोटीचं नाव काढणं सोडलं. मी कोचला विचारलं तर म्हणे सेफ्टी. अजून डोकं फिरतं माझं.

आणि तू काय केलंस, तिच्या हातात एक जाड दोर दिलास आणि नीट गुंडाळायला सांगितलंस. तिने गुंता केला. सोडव म्हणालीस, परत गुंता, परत सोडव, मागे लोक खोळंबलेले, मीच म्हणाले राहू दे आता, पण तू तुझे दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिलीस. तिच्या हातातून घेतला नाहीस. पाचव्यांदा जमलं.

घरी येऊन मी सगळं वाचून काढलं. ट्रेसी एडवर्ड्स या ब्रिटिश सेलरने घर गहाण टाकून ही जुनी ५८ फुटी बोट घेतली, स्पॉन्सर कुणी मिळेना, जॉर्डनचे राजे पाठीशी उभे राहिले आणि १९८९-९० च्या व्हिटब्रेड या जगाला चक्कर मारायच्या शर्यतीत तिच्या फक्त बायकांच्या टीमने दोन टप्पे जिंकले, गटात दुसरी आली. मग तीच बोट सेशेल्समध्ये सडत पडली होती, २०१७ ला इंग्लंडला आणली, त्या राजांच्या लेकीच्या मदतीने दुरुस्त झाली आणि मुलींच्या शिक्षणासाठी पैसे उभे करत बंदरोबंदर फिरली. केवढं मोठं काम! पण रेस तोंडावर, तुमच्यामागे शंभर व्याप आणि तरी एका अनोळखी पोरीसाठी थांबायला तुझ्याकडे वेळ होता, अशा माणसांच्या जिवावरच तर जग चाललंय गं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये तुम्ही जिंकलात, त्यात आपल्या नौदलाच्या तारिणी बोटीवरून जगाला चक्कर मारलेली पायल गुप्ता पण, तेव्हा लेक घरभर नाचली. परत सेलिंगला जाते आता, दुसरीकडे.

हे पत्र तुला इंग्रजीत करून तीच पाठवणार आहे. चुका होतील तिच्या, मी हात लावणार नाहीये.